मोजणारे तेच, तपासणारे तेच, आपण फक्त बार चार्ट बघायचा?

उगाचशंका
परवा एका साहेबांची पोस्ट फिरत होती. मजकूर असा की अणुकेंद्राभोवतीच्या रेडिएशनवर स्वतंत्र देखरेख मागणारे सगळे विकासविरोधी, बीएआरसी (भाभा अणुसंशोधन केंद्र) इतकी वर्षं मोजतंय, कधी लिमिटच्या वर गेलंय का? खाली नुसत्या टाळ्या. विकासविरोधी ऐकायची सवय झालीये, त्याचं काही नाही. पण "कधी लिमिटच्या वर गेलंय का" याचं उत्तर द्यायचं कोणी? ज्याने मोजलं त्यानेच ना. तिथेच तर घोडं पेंड खातंय.

म्हणजे बघा. वीज बनवणार एनपीसीआयएल, म्हणजे सरकारी अणुवीज कंपनी. केंद्राबाहेरचं दूध, मासे, माती, हवा तपासणार बीएआरसीची पर्यावरण सर्वेक्षण प्रयोगशाळा म्हणजे ईएसएल. आणि या सगळ्यावर नजर एईआरबीची, म्हणजे अणुऊर्जा नियामक मंडळाची. पाट्या तीन, घर एकच, अणुऊर्जा खातं. एईआरबी १९८३ साली सरकारी आदेशाने आली आणि तेव्हापासून जाब देत आली अणुऊर्जा आयोगाला, ज्याचा अध्यक्ष म्हणजे त्याच खात्याचा सचिव. हे मी नाही म्हणत, कॅगने २०१२ च्या अहवालात यावरच बोट ठेवलंय, २०१५ ला आयएईएची, म्हणजे आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेची टीम आली तीही म्हणाली स्वातंत्र्य कायद्यात लिहा. स्वतंत्र नियामक आणायचं २०११ चं बिल तर लोकसभेबरोबरच बुडालं. आता डिसेंबर २०२५ च्या शांती नावाच्या अणुऊर्जा कायद्याने एईआरबीला वैधानिक दर्जा दिला म्हणून पेढे वाटतायत, पण तिचे सदस्य सुचवणारी समिती नेमणार कोण? अणुऊर्जा आयोग!

माझं मागणं एवढंच आहे, की आकडे महिन्याच्या महिन्याला, जागेच्या नावासकट बाहेर टाका. आणि प्रत्येक सॅम्पलचा अर्धा भाग खात्याबाहेरच्या एका लॅबला द्या, तेच दूध दोघांनी मोजायचं. यात विकासाला काय अडलं?

मिलिसीव्हर्ट
आयुष्य या क्षेत्रात गेलं म्हणून लिहितो, नाहीतर असल्या पोस्टींना उत्तर देत नाही. ईएसएल केंद्र संचालकाच्या हाताखाली नसते हो, बीएआरसीची असते. केंद्र सुरू व्हायच्या आधीच येऊन बसते आणि आधीची पातळी मोजून ठेवते, नाहीतर नंतर तुलना कशाशी करणार. ३० किमीपर्यंतचे नमुने घेतात. खाटकाकडून बकऱ्याची थायरॉइड ग्रंथी आणून मोजतात, माहितीये का? कारण बकरी गवत खाते आणि किरणोत्सर्गी आयोडीन-१३१ तिच्या थायरॉइडमध्ये गोळा होतं, हवेत सापडणार नाही इतकं कमी असलं तरी तिथे सापडतं. ही माणसं ऊन-पावसात चिखल तुडवत सॅम्पल आणतात आणि तुम्ही घरी बसून "घर एकच" म्हणणार.

आकडे हवेत ना, घ्या. जनतेसाठी लिमिट वर्षाला १ मिलिसीव्हर्ट, हे डोस मोजायचं माप. निसर्गातून जगात सरासरी २.४ मिळतं, ते कोणी थांबवू शकत नाही. केंद्राच्या कुंपणावरचा डोस त्या १ चा लहानसा तुकडा असतो. केरळात करुनागपल्लीला मोनाझाइटच्या थोरियमवाल्या वाळूमुळे निसर्गतःच किती जास्त आहे, तिथे वर्षानुवर्षं अभ्यास झाला, कॅन्सर जास्त निघाला नाही.

आणि तुमच्या लाडक्या अमेरिकेत? तिथे तर केंद्रचालक कंपनीच बाहेरचं मोजते. आपल्याकडे निदान वेगळी संस्था आहे.

उगाचशंका
अमेरिका माझी लाडकी कधीपासून झाली? पण काढलीच आहे तर पूर्ण काढा. कंपनी मोजते हे खरं, पण प्रत्येक केंद्राचा वार्षिक अहवाल एनआरसीच्या, म्हणजे त्यांच्या नियामकाच्या साइटवर कोणीही उघडू शकतो, सॅम्पल कुठून घेतलं, काय निघालं, तक्त्यासकट. आणि जाहिरात करणारा नि पोलीस एकाच खात्यात नको म्हणून त्यांनी त्यांचं अॅटॉमिक एनर्जी कमिशन १९७४ च्या कायद्याने फोडलं. आपण २०२५ मध्ये दर्जा देतोय आणि नेमणुकीची चावी परत तिथेच.

तुमचा आकडा खोटा आहे असं मी कुठेही म्हणलेलं नाही, परत वाचा. आयोडीन-१३१ चं अर्धायुष्य ८ दिवस आणि एईआरबीच्या अहवालात आम्हाला दिसणार वर्षाचा एक बार चार्ट, लिमिटच्या इतके टक्के. वर्षाच्या सरासरीत एक वाईट आठवडा कुठे लपला ते सांगा मला.

घाटावरचा
काडी टाकायला आलो. सगळं बंद करून कोळसा जाळा, मग राख खा. राखेतपण युरेनियम-थोरियम असतं, तिथे कोण मोजतंय?

टीएलडीताई
मी एक्स-रे विभागात काम करते, छातीवर टीएलडी बॅज लावून, अंगावर किती रेडिएशन पडलं ते मोजणारा. बॅज तिमाहीला बाहेरच्या लॅबला जातो. एका तिमाहीत माझ्या बॅजचं रीडिंग जास्त आलं. आमच्या हॉस्पिटलचं पहिलं वाक्य काय, तर "लिहून दे की बॅज चुकून एक्स-रे रूममध्ये राहिला होता". अहो राहिला नव्हता, अॅप्रनवरच होता. खरं म्हणजे दरवाजाचं लेड शिल्डिंग एका कोपऱ्यात सुटलं होतं, ते नंतर निघालं. आता विचार करा, बॅज वाचणारी लॅब हॉस्पिटलची स्वतःची असती तर ते रीडिंग माझ्यापर्यंत आलं असतं का? म्हणून मला उगाचशंका यांचं पटतं. मशीन खोटं बोलत नाही हो, पण मशीन आणि कागद यांच्या मधे माणूस असतो.

मिलिसीव्हर्ट
ताई, तुमच्या बाबतीत झालं ते वाईटच. पण ती बाहेरची लॅब कोणाच्या मान्यतेने चालते? बीएआरसीच्याच. म्हणजे ज्या घराला इथे शिव्या चाललेत त्याच घराच्या सिस्टीमने तुमच्या हॉस्पिटलला पकडलं.

टीएलडीताई
हॉस्पिटल त्यांचं नव्हतं म्हणून पकडलं. मी तेच तर लिहिलंय.

गायगरवाला
एवढी मारामारी कशाला, मी ऑनलाइन रेडिएशन मीटर मागवलाय, गच्चीत ठेवतो. फुकुशिमाच्या अणुअपघातानंतर जपानमध्ये सेफकास्टवाल्या लोकांनी हेच केलं, स्वतः मीटर बनवून गाडीला लावून नकाशे काढले. मागच्या पावसाळ्यात माझ्याकडे रीडिंग एकदम चढलं, जवळजवळ दुप्पट, मी स्क्रीनशॉट टाकला तर कोणी दखल घेतली नाही. हे लपवालपवी नाही तर काय?

मिलिसीव्हर्ट
पाऊस पडत होता ना? हवेतल्या रेडॉन या किरणोत्सर्गी वायूपासून तयार झालेले शिसं-२१४, बिस्मथ-२१४ पावसाबरोबर खाली येतात, मीटर चढतो, पाऊस थांबला की दोनेक तासात उतरतो. जगात कुठेही मीटर ठेवा, हेच होणार. आणि असल्या स्क्रीनशॉटवर स्वतंत्र देखरेख उभी करायची म्हणे! शिवाय तुमच्या त्या मीटरला ट्रिटियम, म्हणजे किरणोत्सर्गी हायड्रोजन, दिसतच नाही. त्याचे बीटा किरण इतके दुबळे की मीटरच्या ट्यूबच्या भिंतीतून आत शिरत नाहीत. पाणी लॅबला नेऊन लिक्विड सिंटिलेशन काउंटरला लावावं लागतं.

उगाचशंका
वा! माझं काम तुम्हीच केलंत. जड पाण्याच्या रिअॅक्टरमधून बाहेर येतं त्यात ट्रिटियम मोठं, ते सामान्य माणसाला मोजता येत नाही, म्हणजे तुमच्या शब्दावर विश्वास ठेवण्याशिवाय पर्याय नाही. म्हणूनच दुसरी लॅब मागतोय ना बाबा, गच्चीतला मीटर नाही. (गायगरवाला भाऊ, राग मानू नका.)

गायगरवाला
मानला.

वावळ
तुम्ही सगळे ट्रिटियम-ट्रिटियम करताय, आमचं जाळं रिकामं येतंय त्याचं कोण मोजणार? पालघर किनाऱ्यावर आमचं घराणं मासेमारीत. वडील सांगायचे घोळ, दाढा मिळायचा, आता पापलेट बघायला मिळत नाही. पाणी हिरवट-काळं होतं, वास येतो, कोणाचं पाणी ते कोणी सांगत नाही. किरणांचं विचारलं तर अणुऊर्जावाले म्हणतात सगळं लिमिटमध्ये. गरम पाण्याचं, केमिकलचं विचारलं तर दुसरं ऑफिस. तिथे गेलं की मत्स्य विभागाकडे जा. तारापूर केंद्राच्या ३ आणि ४ नंबरच्या अणुभट्ट्यांसाठी पोफरण-अक्करपट्टी गावं उठवली तेव्हापण असंच, या टेबलावरून त्या टेबलावर.

मिलिसीव्हर्ट
मासे कमी झाले ते रेडिएशनने नाही. दोन्हीची सरमिसळ करू नका.

वावळ
मी कुठे म्हणलं रेडिएशनने? वाचता येतं का? तुमच्या पेन्शनीतून समुद्र नाही दिसत.

दर्यासारंग
खरं कारण पर्ससीनची मोठी जाळी आणि एलईडी. रात्री लाइट मारून अख्खा थवा उचलतात, पिल्लंसुद्धा. एलईडीवर राज्याने आणि केंद्र सरकारने बंदी घातली कागदावर, बोटी दिसतात डोळ्यासमोर. त्याबद्दल कोणी बोलत नाही.

वावळ
एलईडीवाले खोल पाण्यात. खाडीतलं निवटं आणि कालवं काय एलईडीने मेली का? खाडीत कारखान्यांचं पाणी येतं.

दर्यासारंग
खाडी आणि दर्या वेगळे विषय आहेत भाऊ, आधी ठरव कशावर बोलायचं. आणि आपलेच काही लोक पर्ससीनला बोट भाड्याने देतात, त्यांची नावं घेणार का? नाही घेणार, जातभाई ना.

वावळ
तुझ्याच बंदरावरच्या बोटी पहिल्या मोजू मग.

पापलेटप्रेमी
मार्केटला पापलेट म्हणून जे देतात तो बऱ्याचदा हलवा मासा असतो, यावर पण कोणीतरी धागा काढा.

उगाचशंका
अहो थांबा जरा! एलईडीसाठी वेगळा धागा काढा ना. पण वावळ भाऊंचं एक वाक्य माझ्या अख्ख्या पोस्टपेक्षा कामाचं आहे, एकाच पाण्याची किरणं एका ऑफिसात, तापमान आणि केमिकल दुसऱ्या, मासे तिसऱ्या. ईएसएल तर मासे मोजतेच. मासा कुठल्या पाण्यात, कधी पकडला, हे आकड्याशेजारी छापलं तर मच्छीमारालाही उपयोग आहे.

मिलिसीव्हर्ट
छापलं की उद्या कोणीतरी "माशात सीझियम सापडलं" अशी हेडलाइन करणार. सीझियम-१३७ अणुचाचण्यांच्या काळापासून सगळ्या जगात थोडं थोडं आहे, अर्धायुष्य ३० वर्षं. यंत्र चांगलं असलं की सापडणारच. मग मासळी बाजार बसला की वावळसाहेबच शिव्या देतील. गुप्ततेचं कारण नेहमी काळंबेरंच असतं असं नाही.

वावळ
लोकांना कळेल या भीतीने लोकांना सांगायचं नाही. वा रे वा.

टीएलडीताई
जपानमध्येही घबराट होईल म्हणूनच गप्प बसले होते ना? किरणोत्सर्ग कुठे जाईल सांगणारी स्पीडी नावाची यंत्रणा होती, तिचे नकाशे वेळेत लोकांना दिले नाहीत, आणि काही गावं वारा होता त्याच दिशेने पळाली. त्यांची नियामक संस्था पण अणुऊर्जेची भलामण करणाऱ्या मंत्रालयाखालीच होती. २०१२ ला मोडून नवीन केली, अपघात झाल्यावर.

मिलिसीव्हर्ट
फुकुशिमाचा मुद्दा मान्य, कारण तो नाकारला तर मला इथे झोपू देणार नाहीत. पण स्प्लिट सॅम्पल, म्हणजे अर्धं दुसऱ्या लॅबला, म्हणता तेव्हा ते घ्यायचं कोणी ते सांगा. ट्रिटियमला काउंटर लागतो, सीझियमला शिशाच्या पेटीतला जर्मेनियम डिटेक्टर, स्ट्रॉन्शियम-९० ला दिवसेंदिवस रासायनिक काम. विद्यापीठात जिथे हे आहे तिथे प्रकल्पाला पैसे बहुधा अणुऊर्जा खात्याचेच. मग परत म्हणाल घर एकच.

उगाचशंका
म्हणेन ना. म्हणून पैसा वीज विकणाऱ्याकडून घ्या आणि राज्य सरकारमार्फत द्या. जर्मनीत २०२३ पर्यंत अणुकेंद्रं चालू होती तेव्हा राज्यांची स्वतःची यंत्रणा होती, अणुकेंद्राच्या चिमणीवरचं रीडिंग थेट राज्याच्या नियामकाकडे जायचं, कंपनीच्या टेबलावरून फिरून नाही. शांती कायद्याने आता खाजगी कंपन्या केंद्रं चालवणार. उद्या एखादा उद्योगपती चालवायला लागला तर तुम्ही म्हणाल का, त्याच्या कुंपणावरचं त्यालाच मोजू द्या?

मिलिसीव्हर्ट
खाजगीवाल्याला? अजिबात नाही. तिथे ईएसएल बीएआरसीचीच हवी आणि आकडे सगळे बाहेर हवेत, अगदी महिन्याला.

उगाचशंका
मग सरकारीला सूट का?

मिलिसीव्हर्ट
कारण तिथली माणसं मी पाहिलीयेत.

टीएलडीताई
आम्ही नाही पाहिलेली ना.

मिलिसीव्हर्ट
बरं, महिन्याचे आकडे द्या, त्याला माझी हरकत नाही, लॅबमधल्या पोरांचीही नसेल. दुसऱ्या लॅबबद्दल माझं मत आहे तेच आहे. आरटीआय टाका, ठिकाणवार दूध आणि मासे, मागच्या बारा महिन्यांचे, बेकरेल (किरणोत्सर्गाचं माप) प्रति लिटर आणि प्रति किलो असं युनिटसकट मागा, नाहीतर मोघम उत्तर येईल. डिटेक्शन लिमिट, म्हणजे यंत्राला कमीत कमी किती दिसतं, ते पण मागा, नाहीतर "सापडलं नाही" या उत्तराला अर्थ नाही. मसुदा करून इथे टाका, मी तपासून देतो.

उगाचशंका
टाकतो रविवारी. "माहिती गुप्त आहे" म्हणून परत आला तर तेही इथेच लावेन.

दर्यासारंग
त्यात एलईडी बोटींवर किती कारवाई झाली ते पण विचारा.

मिलिसीव्हर्ट
ते मत्स्य विभागाला विचारायचं हो! एकाच अर्जात कोंबलंत तर इकडून तिकडे फिरत बसेल, वेगळा अर्ज करा.