गोळी सुरू झाली आणि मग… : औषधांच्या त्रासाचे तुमचे अनुभव

रानजाई
शेजारच्या काकू आज सांगत होत्या, कोरडा खोकला हटतच नाही. माझ्या तोंडून आपसूक निघालं, "बीपीची गोळी बदलली का हल्ली?" आणि बाबांचे ते दिवस आठवले. रॅमिप्रिल सुरू झालं आणि काही आठवड्यांत खोकला. कफ नाही, ताप नाही, नुसती खवखव, रात्र रात्र बसून काढायचे. आईने हळद-दूध, अडुळसा, ज्येष्ठमध सगळं केलं. एक्स-रे स्वच्छ. सिरपच्या बाटल्या संपल्या. शेवटी एका डॉक्टरांनी "घरातल्या सगळ्या स्ट्रिप्स आणा" म्हटलं आणि रॅमिप्रिलवर बोट ठेवलं. नावाच्या शेवटी 'प्रिल' येणाऱ्या गोळ्यांनी काहींना असा खोकला होतो. त्याऐवजी टेल्मिसार्टन ही बीपीची दुसरी गोळी दिल्यावर हळूहळू थांबला. तोवर त्यांनी जे सोसलं त्याचं अजून वाईट वाटतं. तुमच्याकडे असं काही झालं असेल तर लिहा, कुणाच्या तरी कामी येईल.

ओलीमाती
अगदी हेच सासूबाईंना, एनालाप्रिलने. मग अ‍ॅम्लोडिपिन दिली तर पाय सुजले, चपलेचा पट्टा रुतायचा. किडनीचं काही निघतंय का म्हणून जीव टांगणीला, पण तपासण्या नॉर्मल. डॉक्टरांनी डोस निम्मा केला, सूज उतरली. आपल्या मनाने बंद मात्र करू नका कोणी, बीपी उसळतं. कुकर लावलाय, नंतर येते.

चिंचगूळ
@रानजाई ज्येष्ठमध रोज बरेच दिवस घेतलं तर त्यानेच बीपी वाढतं, पोटॅशियम उतरतं. मामाला हे त्याच्या वैद्यांनीच सांगितलं होतं. बीपीवाल्यांनी काढे विचारूनच घ्यावेत.

रानजाई
बाप रे! आई शेजारीच बसलीये, तिला वाचून दाखवलं.

कातळफूल
टीबीच्या गोळ्या. भावाला लघवी केशरी झाली, रक्त जातंय म्हणून वहिनी रडायलाच लागली. रिफाम्पिसिनचा रंग तो, घाम आणि अश्रूसुद्धा केशरी होतात, घाबरायचं काही नाही. डॉट्सच्या (टीबीच्या सरकारी उपचारांच्या) ताई घरी येऊन समजावून गेल्या म्हणून कोर्स सुटला नाही. पण डोळे पिवळे दिसले, उलट्या सुरू झाल्या, अन्नावरची वासना गेली तर लिव्हर, तेव्हा त्याच दिवशी दवाखाना, हेही त्यांनीच बजावलं. फार गुणी बाई.

संथवाहते
मेथोट्रेक्सेट. मावशीला रुमॅटॉइड संधिवात. ही गोळी त्यासाठी आठवड्यातून एकदाच असते. दुकानातून पाकिटावर "रोज १" लिहून आलं, ती बिचारी रोज घेत गेली. तोंडभर फोड, पाणी गिळवेना, पांढऱ्या पेशी पार खाली. अ‍ॅडमिट केलं, वाचली. आता कॅलेंडरवर रविवारी लाल गोल, फॉलिक अ‍ॅसिड वेगळ्या दिवशी. ज्यांच्या घरी ही गोळी आहे त्यांनी आत्ता उठून पाकीट बघा. खरंच उठा.

ओलीमाती
अंगावर काटा आला. कशा आहेत आता मावशी?

संथवाहते
बऱ्या आहेत गं. परवा नातीच्या बारशाला घुगऱ्या स्वतः केल्या.

डोंगरवारा
दुखण्यावरच्या गोळ्यांचं कोणीच लिहिलं नाही. आमच्याकडे गुडघे दुखले की डायक्लोफेनॅक, शेंगदाणे खाल्ल्यासारखं. आजोबांचं क्रिएटिनिन (रक्ततपासणीतला मूत्रपिंडाचा आकडा) वाढलं तेव्हा कळलं. बीपीच्या आणि लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांसोबत तर मूत्रपिंडावर फारच ताण येतो. याच औषधाने गिधाडं संपली, माहितीये ना? गुरांना द्यायचे, मेलेलं जनावर गिधाडांनी खाल्लं की त्यांची मूत्रपिंडं निकामी. २००६ मध्ये जनावरांसाठी बंदी आली.

कातळफूल
@डोंगरवारा म्हसळ्याजवळ चिरगावला घरटी आहेत गिधाडांची, गेलायस का?

डोंगरवारा
नाही अजून! व्यनि (खाजगी निरोप) करतो.

पायवाट
मी औषधाच्या दुकानात काम करते. दुष्परिणाम वाटला तर पेशंटला स्वतःलाही कळवता येतो. टोल फ्री १८००-१८०-३०२४, केंद्र सरकारचा औषध-सुरक्षा कार्यक्रम, २०१० पासून आहे. फोन करताना स्ट्रिप हातात ठेवा, बॅच नंबर विचारतात. आणि स्ट्रिप कापताना नाव-तारखेचा भाग शेवटपर्यंत राहू द्या, हात जोडून सांगते.

चिंचगूळ
हे फार कामाचं. थायरॉईडच्या गोळीचं कोणी सांगेल का? आई चहासोबत घेते.

पायवाट
उपाशीपोटी, साध्या पाण्यासोबत. चहा अर्ध्या-पाऊण तासाने. कॅल्शियम किंवा लोहाची गोळी असेल तर चार तासांचं अंतर, नाहीतर थायरॉईडची गोळी नीट शोषली जात नाही.

परदेशीपाखरू
इकडे न्यू जर्सीत नवऱ्याच्या कोलेस्टेरॉलच्या गोळीच्या बाटलीवर ग्रेपफ्रूट खाऊ नका असं लिहिलेलं असतं. रक्तात औषध वाढतं, स्नायू दुखतात. आपलं पपनस त्याच जातीतलं, तेही तसंच वागतं असं इथला फार्मासिस्ट म्हणाला.

ओलीमाती
अगं बाई! आमच्या गोव्याकडे चवथीला गणपतीवर फळांची माटोळी बांधतात, तिला पपनस असतंच, नंतर सोलून सगळ्यांना वाटतात. सासऱ्यांना अ‍ॅटोरव्हास्टॅटिन आहे, तीही कोलेस्टेरॉलचीच गोळी. उद्याच डॉक्टरांना विचारते.