समुद्राजवळचा लोखंडी झोपाळा आणि खुर्च्या: पावडर कोटिंग फुगलंय, ऑइल पेंट मारावा की पुन्हा कोटिंग करावं?

पडवीकर
घर रत्नागिरीजवळ, समुद्र जेमतेम अर्ध्या किलोमीटरवर. अंगणात २ इंची चौकोनी पाइपच्या स्टँडचा झोपाळा, चार खुर्च्या आणि एक स्टीलचं टेबल आहे. झोपाळा-खुर्च्यांना काळं पावडर कोटिंग, तीन पावसाळे झालेले. वेल्डिंगच्या सांध्यांवर कोटिंग फुगलंय, नखाने पोपडे निघतात, आत तपकिरी भुगा. झोपाळ्याचे पाय जांभ्याच्या फरशीला टेकतात तिथे सगळ्यात वाईट अवस्था. खुर्च्यांचा पाइप जीआय (जस्ताचा मुलामा दिलेलं लोखंड) आहे असं दुकानदार सांगतो. स्टीलच्या टेबलावरही चहाच्या डागांसारखे ठिपके आलेत. रंगारी म्हणतो, "घासून रेड ऑक्साइड मारू, वर ऑइल पेंटचे दोन हात." एवढं पुरेल का? आणि कधी करावं?

कानस
किनाऱ्यावर खरा शत्रू पावसाचं पाणी नाही, मीठ आहे. गंजाच्या खड्ड्यांत मीठ तसंच ठेवून वर कितीही भारी रंग दिला तरी पुढच्या भाद्रपदात त्याच जागी फोड येणार. रंगाऱ्याचं "घासून" इथेच कमी पडतं. घासल्याने गंज जातो, मीठ आणखी आत रेटलं जातं.

म्हणून घासायच्या आधी धुवा. भांड्यांचा लिक्विड साबण, नायलॉनचा ब्रश आणि भरपूर गोडं पाणी. बोअरचं पाणी मचूळ असेल तर ते वापरू नका, विहिरीचं आणा. मग सुटलेलं कोटिंग पत्र्याच्या पट्टीने उचकटून काढा, जिथे ते घट्ट धरून आहे तिथवर. उरलेली कड ८० नंबरच्या पॉलिश पेपरने उतरती करा, बोट फिरवलं तर पायरी लागता कामा नये. सांध्यांच्या बेचक्यांत तारेचा ब्रश हाताने चालवा. मशीनवरचा ब्रश गंजाला चकाकी आणतो, काढत नाही.

नंतर पुन्हा धुवून पुसा आणि उघडं लोखंड तासभर दमट फडक्याखाली ठेवा. काळपट ठिपके परत उमटले तर त्या जागी मीठ शिल्लक आहे, आणखी एकदा धुवा. बाथरूमचं ॲसिड लावायचा मोह आवरा. ते हायड्रोक्लोरिक असतं, म्हणजे मिठातलं जे क्लोराइड काढायला बसलो तेच आपण ओतणार. खड्ड्यांतल्या गंजासाठी फॉस्फोरिक ॲसिडवालं रस्ट रिमूव्हर ब्रशने लावा, डब्यावर लिहिलेल्या वेळेनंतर धुवा. पांढरी पूड राहिली तर प्राइमर तिच्यावर बसतो आणि तिच्यासकट निघतो. हातमोजे आणि चष्मा हवाच.

धुतलेलं लोखंड कोरडं झालं की त्याच दिवशी प्राइमर. रात्रभर उघडं ठेवलं तर सकाळी नारिंगी झाक आलेली असते.

रेड ऑक्साइड घरातल्या ग्रिलला ठीक, तुमच्या अंगणाला नाही. दोन डब्यांचा इपॉक्सी झिंक फॉस्फेट प्राइमर घ्या. मिश्रणाचं प्रमाण डब्यावर असतं ते मापाने घ्या, अंदाजाने नाही, आणि दोन-तीन तासांत संपेल एवढंच कालवा. दोन हात, सांधे आणि कडांना आधी ब्रशने एक जादा हात. इपॉक्सी उन्हात खडूसारखा भुकटतो, म्हणून वर पीयू (पॉलियुरेथेन) रंगाचे दोन हात. पीयू मारताना ऑरगॅनिक व्हेपर काडतुसाचा मास्क, साधा कापडी चालत नाही.

अंदाज द्यायचा तर २ इंची चौकोनी पाइपच्या एक मीटरला ०.२ चौ. मी. पृष्ठभाग. स्टँडला १५ मीटर पाइप धरला तर ३ चौ. मी., म्हणजे दोन हातांना एक लिटर प्राइमर वाया जाणारं धरूनही पुरतो.

वेळ: नोव्हेंबर ते फेब्रुवारी. सकाळचं दव पूर्ण उडाल्यावर सुरू करा आणि दुपारी तीनला ब्रश धुवायला घ्या, म्हणजे संध्याकाळची खारी हवा ओल्या रंगावर बसत नाही.

फॅब्रिकेशन_कट्टा
कानस यांनी बाहेरची बाजू सांगितली. पण तुमचे पाय बहुतेक आतून गेलेत. जांभा पाणी धरून ठेवतो, पाइपचं खालचं बूच फुटलेलं असतं, पाणी आत जातं आणि बाहेर यायला वाट नसते. डिसमिसचं टोक पायाच्या खालच्या चार इंचांत जोर देऊन टोचत या. कुठे दबलं किंवा आरपार गेलं तर तेवढा तुकडा कापून नवा पाइप वेल्ड करून घ्या. लांबी (पुट्टी) भरून वर रंग मारणारे भेटतील, त्यांना हात जोडा.

पाय शाबूत असतील तर सर्वांत खालच्या जागी, आतल्या अंगाला, ६ मिमीचं भोक पाडा. गाडीच्या दारांत मारतात तो मेणयुक्त अँटी-रस्ट स्प्रे नळीने पाइपात सोडा, पण रंगकाम संपल्यावर. आधी मारला तर तो भोकातून झिरपून प्राइमर उडवतो. पुन्हा पावडर कोटिंगला देणार असाल तरीही हेच: भट्टीत १८०-२०० अंशांवर आतलं तेल पातळ होऊन सांध्यांतून बाहेर येतं आणि माल रिजेक्ट.

पुन्हा कोटिंग करायचंच असेल तर आधी पूर्ण शॉट ब्लास्टिंग (बारीक छऱ्यांचा मारा करून गंज उडवणं), मग झिंक प्राइमर, मग पावडर. नुसतं "सेव्हन टँक करून देतो" (म्हणजे रसायनांच्या सात टाक्यांत बुडवून) म्हणणाऱ्याकडे जाऊ नका, खड्ड्यांतला जुना गंज टाकीत बुडवून सुटत नाही. चार खुर्च्या जीआय नसतील तर त्यांच्यासाठी हा खटाटोप जमतो. झोपाळ्याचा स्टँड उचलून नेण्यापेक्षा जागेवर रंगवलेला बरा.

आता जीआय. खरवडल्यावर राखाडी चमक आणि पांढरी पूड दिसली तर दुकानदार खरं बोलतोय. त्यावर थेट ऑइल पेंट मारू नका. पेंटमधलं तेल आणि जस्त यांचा साबण बनतो आणि वर्षभरात रंग सालीसारखा सुटतो. आधी एच (etch) प्राइमरचा, म्हणजे जस्तावर पकड धरणाऱ्या प्राइमरचा, एक पातळ हात, मग बाकीचं. जस्त खरवडून लोखंड उघडं करायची तर मुळीच घाई नको, ते जस्तच तुमचं राखणदार.

स्टीलवाला
टेबलाचं उत्तर राहिलं. ते बहुधा २०२ किंवा ३०४ ग्रेडचं स्टेनलेस आहे. चुंबक लावून त्यातलं कुठलं हे कळत नाही, दोन्हींना तो जवळपास चिकटत नाही. किनाऱ्यावर ३१६ बरं टिकतं, पण तेही धुवावं लागतंच. डागांवर एक लिटर कोमट पाण्यात ५० ग्रॅम सायट्रिक ॲसिड, त्यात भिजवलेलं फडकं २० मिनिटं ठेवा, पॉलिशच्या रेषांच्या दिशेने पुसा, धुवा, कोरडं करा. लोखंडी काथ्या टेबलाजवळही नको. आणि झोपाळ्यावर ग्राइंडर चालवाल तेव्हा टेबल आत न्या. लोखंडाचे उडालेले कण स्टीलवर बसून स्वतः गंजतात, आणि लोक म्हणतात स्टील खराब निघालं.

पडवीकर
डिसमिस टोचून पाहिला. दोन पाय दबले, दोन ठणठणीत. पावसाळ्यात सगळं ताडपत्रीत गुंडाळून ठेवत होतो, ते चालू ठेवू का? आणि साखळीला काय लावायचं?

फॅब्रिकेशन_कट्टा
गुंडाळू नका. आत घाम धरतो आणि मीठही आतच राहतं. खुर्च्या पडवीत, झड येणार नाही अशा भिंतीला. स्टँडवर ताडपत्री छपरासारखी ताणा, खाली हातभर मोकळं. पायांखाली रबरी बूट घाला, पण पाडलेलं भोक झाकलं जाऊ देऊ नका, आणि उघडीप मिळाली की एक बादली गोडं पाणी मारा.

साखळी रंगवू नका, कड्या घासल्या जातात तिथला रंग पहिल्या दिवशीच जातो. ती काढून रॉकेलमध्ये धुवा आणि दोन कड्या एकमेकींवर बसतात त्या जागी झीज मापा. १० मिमीची कडी तिथे ९ च्या खाली गेली असेल तर पूर्ण साखळी बदला, एकच कडी नाही. गॅल्व्हनाइज्ड घ्या. वरच्या हुकांना कॅल्शियम ग्रीस, ते पाण्याने सहज धुऊन जात नाही. हुकाचा नट नायलॉक (आत नायलॉनचं कडं असलेला) आहे का तेही बघून घ्या, साधा नट हेलकाव्यांनी सैल होतो.