'भिजवा दो' : कोण भिजतंय?

विचारणा : गुलजार यांच्या 'इजाजत' (1987) या हिंदी चित्रपटातल्या 'मेरा कुछ सामान' गाण्यात एका छत्रीत दोघं अर्धे अर्धे भिजतात. सुकलेला भाग ती घेऊन येते आणि ओल्या मनाबद्दल म्हणते, 'वो भिजवा दो'. मन आधीच ओलं, मग पुन्हा भिजवायचं कशाला? आमच्या घरी यावरून चांगलीच जुंपली आहे.

उत्तर : पाण्याचा काही संबंध नाही. हिंदीत 'भेजना' म्हणजे पाठवणे आणि 'भिजवाना' हे त्याचं प्रयोजक रूप, म्हणजे दुसऱ्याकरवी पाठवून देणे. आपल्या 'भिजवणे'ला हिंदीत 'भिगोना' म्हणतात. मात्र 'भीगना'चं 'भीजना' हे रूप ब्रज भाषेत आहे, त्यामुळे मराठी कान फसला तर नवल नाही.

त्यावर : मग सरळ 'भेज दो' का नाही?

उत्तर : हे गाणं म्हणजे मायाने प्रियकर महेंद्रला लिहिलेलं पत्र. ती त्याला 'घेऊन ये' म्हणत नाहीये. कुणाच्या तरी हाती पाठव, तू येऊ नकोस, असं मला त्यात ऐकू येतं.

दुसरं मत : एवढा अर्थ काढायची गरज नाही. 'बुझा दो', 'गिरा दो', 'लौटा दो' यांच्या पंगतीला 'भिजवा दो' बसतं, 'भेज दो' बसत नाही. यमकाची सोय आहे झालं.

उत्तर : यमक आहेच, पण बाकी ओळी जवळजवळ गद्य आहेत. चाल लावायला कागद हाती आल्यावर आर. डी. बर्मन म्हणाले होते म्हणे, उद्या वर्तमानपत्र आणशील, त्यालाही चाल लावू का? दुसरा दिग्दर्शक असता तर त्याने ओळी ठाकूनठोकून मीटरमध्ये बसवून घेतल्या असत्या. इथे पटकथा, संवाद, गीत, दिग्दर्शन सगळं एकाच माणसाचं. त्याला मायाचं पत्रच हवं होतं, ते त्याने तसंच ठेवलं. राष्ट्रीय पुरस्कार गुलजार आणि आशा भोसले दोघांनाही मिळाला.

पात्राच्या तोंडची भाषा धरायची सवय त्यांना पहिल्यापासून. त्यांचं पहिलंच गाणं 'बंदिनी' (1963) मधलं 'मोरा गोरा अंग लइ ले'. माणूस उर्दूचा, पण नायिका कल्याणी वैष्णव घरातली, म्हणून 'मोरा', 'मोहे'. त्याआधी ते मुंबईतल्या गॅरेजमध्ये ठोकलेल्या गाड्यांना रंग जुळवून द्यायचे. दिग्दर्शनाची सुरुवात 1971 च्या 'मेरे अपने'पासून.

त्यावर : सुरुवातीला ते 'गुलजार दीनवी' नावाने लिहीत ना? 'दीनवी' म्हणजे?

उत्तर : जन्मगाव दीना, झेलम जिल्हा. 'लखनवी'सारखंच. आपल्याकडे 'कर' लावतात तसं.

दुसरं मत : त्यांनी कुसुमाग्रजांच्या कविता हिंदीत नेल्या आहेत, तेव्हा 'भिजवणे' त्यांना नक्की ठाऊक असणार. श्लेष मुद्दाम केलाय यावर मी ठाम आहे.

उत्तर : ठाऊक असेल. पण पुढे त्याच गाण्यात लटक्या तक्रारी आणि खोटी वचनं यांनाही 'सब भिजवा दो' आहे. तीही भिजवायची का?