बायोफ्लॉक टाकीतील एअर स्टोन तुंबले आहेत. मोठा ब्लोअर घ्यावा का?

प्रश्न : मत्स्यपालक, उमरेड रोड

नमस्कार. उमरेड रोडवरील आमच्या शेतात गेल्या वर्षापासून बायोफ्लॉकच्या, म्हणजे पाण्यातच उपयोगी जीवाणूंचे पुंजके (फ्लॉक) वाढवून मासे पाळण्याच्या, तीन टाक्या आहेत. प्रत्येक टाकी सुमारे 10 हजार लिटरची असून तीत तिलापिया आहे. एक अश्वशक्तीचा रिंग ब्लोअर (हवा फुंकणारे यंत्र) तिन्ही टाक्यांतील मिळून 36 एअर स्टोनना, म्हणजे बारीक बुडबुडे सोडणाऱ्या सच्छिद्र दगडांना, हवा पुरवतो. सुरुवातीला पाणी उकळल्यासारखे दिसत असे. आता एप्रिल उजाडल्यापासून कित्येक दगडांतून हवा येतच नाही, तर काहींच्या एकाच कडेने मोठमोठे बुडबुडे सुटतात. संध्याकाळी खाद्य टाकल्यावर मासे वर येऊन तोंडाची उघडझाप करतात आणि ब्लोअरला हात लावला तर चटका बसतो. दुकानदार दोन अश्वशक्तीचा ब्लोअर घ्या म्हणतो. दगड वर्षभरात एकदाही धुतलेले नाहीत, हे आधीच कबूल करतो.

उत्तर 1 : हिंगण्याचा मासेवाला

दादा, ब्लोअर मुळीच बदलू नका. आपल्याकडे कूलरच्या ताट्यांवर मे महिन्यात जो पांढरा खरखरीत थर चढतो, तोच तुमच्या दगडांवर चढला आहे. बोअरच्या पाण्यात कॅल्शियम विरघळलेले असते. हवेचे बुडबुडे पाण्यातील कार्बन डायऑक्साइड बाहेर नेतात, त्यामुळे पाण्याचा सामू (pH) वाढतो आणि कॅल्शियम कार्बोनेट नेमके त्या बारीक छिद्रांच्या तोंडाशी बसते. त्यावर फ्लॉकचा बुळबुळीत थर येतो. म्हणजे घाण दोन प्रकारची आहे आणि दोन्हींचा उपाय वेगळा आहे.

दगड हवा चालू असतानाच वर काढा. आधी हवा बंद केली, तर गाळ आत ओढला जातो. एका वेळी एका टाकीतील चारपेक्षा अधिक दगड काढू नका. काढलेल्यांच्या जागी धुतलेले जादा दगड लावता आले तर उत्तम. एक डझन जादा दगड ब्लोअरपेक्षा फारच स्वस्त पडतात. बुळबुळीत थर ओला असतानाच ताठ ब्रशने घासून काढावा, कारण तो वाळला की छिद्रांत घट्ट बसतो. नंतर एक लिटर पाण्यात 50 ग्रॅम सायट्रिक ॲसिड, म्हणजे किराणा दुकानात मिळणारे लिंबूसत्त्व, विरघळवून दगड रात्रभर बुडवून ठेवा. दगड टाकताच फेस येतो आणि थर उरलेला असतानाच फेस थांबला, तर द्रावण थकले असे समजून ते बदलावे. सकाळी दगड स्वच्छ पाण्यात ठेवून त्यांतून पंधरा मिनिटे हवा सोडा, म्हणजे आतला चुरा बाहेर पडेल.

काही जण ब्लिचिंग पावडरही वापरतात. ब्लिचिंग आणि ॲसिड एकाच बादलीत कधीही आणू नका. क्लोरीन वायू सुटतो आणि तो जीवघेणा असतो. शिवाय ब्लिचिंगचा अंश दगडात राहून टाकीत गेला, तर फ्लॉकमधले उपयोगी जीवाणूच मरतात. मी स्वतः ते वापरणे सोडले आहे.

उत्तर 2 : यंत्रदेखभाल, बुटीबोरी

वरील उत्तराशी सहमत आहे, पण ब्लोअर तापतो ही गोष्ट वेगळ्याने पाहावी. रिंग ब्लोअर स्वतःतून वाहणाऱ्या हवेनेच बऱ्याच अंशी थंड राहतो. दगड तुंबले की उलटा दाब वाढतो, हवा कमी वाहते आणि तीच हवा आत फिरून तापत जाते. अशा वेळी दोन अश्वशक्तीचा ब्लोअर तेवढ्याच बंद छिद्रांवर लावला, तर तोही तापेल आणि विजेचे बिल मात्र वाढेल. मुख्य नळीवर एक लहान दाबमापक बसवा. पाण्याच्या प्रत्येक मीटर खोलीमागे सुमारे 0.1 बार दाब लागतो. धुतलेल्या दगडांवर येणारा आकडा भिंतीवर लिहून ठेवा. तो चढू लागला की धुण्याची वेळ झाली, आणि अचानक उतरला तर नळी निसटली किंवा फाटली आहे.

आता हवा ओढण्याच्या बाजूचा फिल्टर उघडा. उन्हाळ्यातील धूळ आणि कापसाचे तंतू यांनी तो गच्च झालेला असण्याची दाट शक्यता आहे. कागदी असेल तर बदला. स्पंजचा असेल तर धुऊन पूर्ण वाळवून लावा. ब्लोअरपासून पहिले एक-दीड मीटर प्लॅस्टिकची नळी नको, लोखंडी ठेवा, कारण तापलेल्या हवेने प्लॅस्टिक मऊ पडते. ब्लोअर पाण्याच्या पातळीपेक्षा उंचावर नसेल तर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह हवाच. नाहीतर वीज जाताच टाकीतील पाणी उलटे वर चढते. आणि वीज गेल्यावर बॅटरीवरचा पंप आपोआप सुरू होतो की नाही, ते महिन्यातून एकदा स्वतः स्विच पाडून पाहावे.

प्रश्नकर्ता

दोघांचेही आभार. फिल्टर उघडला, तर आत गोधडीतल्या कापसासारखा करडा थर निघाला. तो धुऊन लावताच ब्लोअरचा आवाज बदलला. पहिल्या टाकीतील दगड चार-चार करून धुतले असून दाब 0.19 वरून 0.14 बारवर आला आहे. मात्र दोन दगडांतून धुतल्यानंतरही एकाच कडेने मोठे बुडबुडे सुटतात.

उत्तर 3 : हिंगण्याचा मासेवाला

त्या दोन दगडांचा नळीशी असलेला जोड सुटला आहे. हवा छिद्रांऐवजी फटीतून निसटते. ते टाकून द्या. मोठा बुडबुडा झपाट्याने वर जातो आणि पाण्याला ऑक्सिजन फारसा देत नाही. सध्या तर तुम्हाला प्रत्येक बारीक बुडबुडा लागेल, कारण 20 अंश सेल्सिअसला एक लिटर पाण्यात सुमारे 9 मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, तर 35 अंशांना जेमतेम 7. उरलेल्या दोन टाक्या याच आठवड्यात करून घ्या, आणि तोवर संध्याकाळचे खाद्य निम्मे ठेवा.