रात्री ठणठणीत, पहाटे दोन्ही पाय हलेनात: केसचं निदान हवंय, उद्या मांडायची आहे

फायनल_पार्टटू: उद्या सकाळी युनिटमध्ये लाँग केस आहे. २८ वर्षांचा पुरुष, रात्री जेवून झोपला, पहाटे उठायला गेला तर पायांत ताकदच नाही. रिफ्लेक्सेस मंद. मी जीबीएस (गियाँ-बारे सिंड्रोम, नसांवर हल्ला होऊन ताकद जाते) लिहिलंय, पण रेसिडेंट सर "हिस्ट्री परत घे" एवढंच म्हणून निघून गेले. काय सुटतंय? लवकर सांगा प्लीज.

वॉर्ड_सात: पोटॅशियम किती? ईसीजी? संवेदना, लघवी, गिळणं, श्वास यातलं काहीच लिहिलेलं नाही. ताकद मांड्यांत जास्त गेलीय की पावलांत? आधी कधी असं झालं होतं?

इंटर्न_पुणे: जीबीएसच धर. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्ता भागात साथ आली तेव्हा मी ड्यूटीवर होतो, अशीच माणसं यायची. जुलाब झाले होते का विचार आणि लंबर पंक्चर (पाठीच्या कण्यातून पाणी काढणं) करायला सांग.

हातोडी: एका रात्रीत? जीबीएस बहुतेकदा काही दिवस चढत जातो. शिवाय पहिल्या आठवड्यात सीएसएफमधलं (त्या कण्यातल्या पाण्यातलं) प्रोटीन नॉर्मल असू शकतं. आज पंक्चर करून काय हाती लागणार?

फायनल_पार्टटू: पोटॅशियम २.१. ईसीजीत यू वेव्ह (कमी पोटॅशियमची खूण). मांड्या जास्त गेल्यात, संवेदना, लघवी, श्वास ठीक. जुलाब-उलट्या नाहीत. नाडी ११२. पण टॅकिकार्डिया (वेगवान नाडी) जीबीएसमध्येही होतो ना?

इंटर्न_पुणे: होतो, ऑटोनॉमिक (हृदय वगैरे आपोआप चालवणाऱ्या) नसांमुळे. तेच म्हणतोय मी.

हातोडी: होतो, मान्य. पण २.१ चा हिशोब जीबीएसने लागत नाही. कमी पोटॅशियम, तरुण पुरुष, जोडीला वेगवान नाडी म्हटलं की थायरॉइड बघायलाच हवं. थायरोटॉक्सिक पीरिऑडिक पॅरालिसिस, म्हणजे थायरॉइड जास्त झाल्याने अधूनमधून येणारा लुळेपणा. हायपरथायरॉइड बायकांत जास्त, पण हा पॅरालिसिस मुख्यतः पुरुषांत, त्यातही आशियाई पुरुषांत दिसतो. वजन, घाम, हाताची थरथर विचारलीस का?

गृहिणी_नाशिक: थायरॉइडची गोळी सकाळी उठल्या उठल्या रिकाम्या पोटी घ्यायची, चहा अर्ध्या तासाने. माझ्या नणंदेला याने खूप फरक पडला.

वॉर्ड_सात: ताई, ती गोळी थायरॉइड कमी असणाऱ्यांची. इथे जास्त असल्याचा संशय आहे, त्यात ती दिली तर त्रास वाढेल.

एबीजी_आधी: सगळे थायरॉइडच्या मागे लागलात. आमच्याकडे अगदी असाच रुग्ण आला होता, निघाला डिस्टल आरटीए (किडनीचा आजार, रक्तात आम्ल साठतं). एबीजी (धमनीतल्या रक्ताची आम्ल-वायू तपासणी) कुठाय? नॉर्मल अॅनायन गॅपचा अॅसिडोसिस (आरटीएत दिसणारी रक्ताची आम्लता) असेल तर दिशाच बदलते. स्पॉट यूरिन पोटॅशियमही पाठव.

हातोडी: हे बरोबर. पीरिऑडिक पॅरालिसिसमध्ये पोटॅशियम शरीराबाहेर गेलेलं नसतं, पेशींत शिरलेलं असतं. म्हणून लघवीत ते कमी आणि एबीजी साधारण नॉर्मल. आरटीएमध्ये किडनीच ते बाहेर टाकत असते.

फायनल_पार्टटू: वॉर्डातून आले. एबीजी नॉर्मल. चार महिन्यांत आठ किलो वजन उतरलंय, भूक मात्र भरपूर. हात पुढे धरायला लावले तर बारीक थरथर. काल लग्नाचं जेवण, श्रीखंड-पुरी दाबून खाल्ली होती. दिवाळीतही एकदा पाय जड पडले होते, दुपारपर्यंत आपोआप सुटले. गळ्याला गाठ नाही, डोळे नॉर्मल. टीएसएच (थायरॉइडची रक्तचाचणी) उद्या येईल. गाठ नसताना थायरॉइड म्हटलं तर सर झापतील का?

वॉर्ड_सात: नाही. या रुग्णांत थायरॉइडच्या खुणा कित्येकदा पुसटच असतात. पहिलं निदान तेच सांग, रिपोर्ट यायचाय हेही सांग, आणि जीबीएस का नाही ते स्वतःहून मांड. जड जेवण, मग झोप (या झटक्याची ठरलेली निमित्तं), आधीचा झटका: तुझ्या सरांना हीच हिस्ट्री हवी असणार.

इंटर्न_पुणे: दिवाळीचा झटका असेल तर जीबीएस मागे पडतो, हे मान्य. श्वासावर मात्र लक्ष ठेवाच.

हातोडी: पोटॅशियम कोणत्या सलाइनमधून चालू आहे? डेक्स्ट्रोज (साखरेचं सलाइन) असेल तर आत्ताच रेसिडेंटना फोन कर, इन्शुलिन वाढून ते आणखी पेशींत ढकललं जाईल. वेगही बघ. झटका ओसरताना आत गेलेलं सगळं परत रक्तात येतं आणि पातळी एकदम वर जाते. प्रोप्रॅनोलॉलचंही (नाडी आणि थायरॉइडचा जोर आवरणारं औषध) विचार.

फायनल_पार्टटू: डेक्स्ट्रोजच लिहिलंय. फोन लावतेय.