टोल गेला, पण सुटलं कोण?

पाचपाखाडीकर
काल कुणीतरी लिहिलं, 'मुंबईच्या पाचही नाक्यांवरचा टोल गेला, सामान्य माणूस सुटला!' कुठला सामान्य माणूस? १४ ऑक्टोबर २०२४ च्या मध्यरात्रीपासून माफी मिळाली ती मुख्यतः कारसारख्या हलक्या गाड्यांना. आमच्या मावशी कळव्याहून लोकलला लटकून कामाला येतात, त्यांनी टोल भरलाच कधी होता? आता ठेकेदाराची भरपाई सरकार करणार, म्हणजे मावशी साबण घेतात त्यावरच्या करातूनसुद्धा. मोठ्या ट्रकचा टोल मात्र तसाच. वाशी मार्केटातून दादरला जाणारा कांदा अजून भरतोय.

चेकनाका_वाला
अहो, हप्त्यावर घेतलेली जुनी वॅगनआर म्हणजे श्रीमंती का? बहीण मुलुंडला, मी ठाण्यात कोपरीत, मधे टोलनाका. भाऊबीजेला जायचं तरी ४५ रुपये लागायचे! रोड टॅक्स भरतो, पेट्रोलवर कर भरतो, ज्यांच्यासाठी हा टोल लावला त्या ५५ उड्डाणपुलांचे पैसे किती पिढ्या फेडायचे?

पाचपाखाडीकर
भाऊबीज वर्षातून एकदा येते, साहेब.

उलवेकर
शिवडीहून न्हावा-शेव्याला जाणाऱ्या समुद्रावरच्या अटल सेतूवर बोला की. कारला एका फेरीचे २५०, आणि बाइकला परवानगीच नाही. सेतू आमच्या दारातून जातो, नोकरी शिवडीला, आणि मी वाशी-चेंबूरला वळसा घालतो. टोल घ्या, पण जाऊ तर द्या!

चेकनाका_वाला
समुद्रावरचा वारा बघितलाय का? उडाल.

उलवेकर
वाशीच्या खाडीपुलावर काय पंखा बंद असतो? पावसाळ्यात तिथून रोज जातो. तुम्ही काचा वर करून एसीत बसता, आम्हाला वारा शिकवू नका.

ऐरोलीची_सून
भांडताय कशाला? सेतूवरून मुंबईच्या बेस्टने, नवी मुंबईच्या एनएमएमटीने बस काढल्यात.

उलवेकर
ताई, दुसरी पाळी सुटल्यावर कुठली बस? एकदा तुम्हीच थांबून बघा स्टॉपवर.

ऐरोलीची_सून
माझ्यावर कशाला ओरडताय? मी काय महाव्यवस्थापक आहे?

चेकनाका_वाला
बरं, ट्रकचं पटलं. तो टोल शेवटी भाजीच्या भावातच येतो. पण म्हणून माझ्या गाडीवर परत लावा म्हणाल तर नाक्यावर आडवा पडेन.

पाचपाखाडीकर
पडा. मागून ट्रकवाले हॉर्न देतील, टोल भरून.

उलवेकर
आणि दुचाकीचं?

पाचपाखाडीकर
त्याला वेगळा धागा काढा हो, इथे टोलचं चाललंय.

उलवेकर
मागच्या महिन्यात काढला होता. तुमच्यापैकी एकही फिरकलं नाही.