सेंद्रिय वांगी, १० गुंठे: खालची पानं पिवळी, शेंडे माना टाकतायत, काही झाडं बसली

मुरमाड_१०

नमस्कार मंडळी. मध्यम, थोडी मुरमाड जमीन. मांजरी गोटा वांगी, लागण ९० बाय ६० सेंमीवर, ठिबक आहे. लावून ४० दिवस झाले. रासायनिक काहीच टाकलेलं नाही. मे महिन्यात गोठ्यातलं शेणखत एक ट्रॉली पसरून नांगरलं. जीवामृत (शेण, गोमूत्र, गुळाचं आंबवण) दर पंधरा दिवसांनी ५० लिटर, असं तीनदा दिलं. दशपर्णी अर्काच्या (दहा झाडपाल्यांचा कीडनाशक अर्क) दोन फवारण्या झाल्या.

आता अडचणी:
खालची पानं सरसकट पिवळी पडतायत, वाढ थांबल्यासारखी.
दहातल्या एखाद्या झाडाचा शेंडा मान टाकतो, बाकी झाड ठणठणीत.
तिसरी गोष्ट, आतापर्यंत १८ झाडं अख्खीच्या अख्खी सुकली. एका कोपऱ्यात जास्त.

जीवामृताचं प्रमाण वाढवू का? आणि दशपर्णी आठवड्याला मारली तर शेंडे थांबतील का?

काळी_आई

दादा, हे तीन वेगवेगळे आजार आहेत, एकाच औषधाने तिन्ही जायचे नाहीत. मी फक्त पिवळेपणाचं सांगते.

पिवळेपणा जुन्या, खालच्या पानांपासून सुरू झालाय आणि पान शिरांसकट एकसारखं फिकं पडतंय, तर ती नत्राची उपासमार. लोहाची कमतरता असती तर कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या असत्या.

हिशेब बघा. वांग्याला हेक्टरी १५० किलो नत्राची शिफारस आहे. दहा गुंठे म्हणजे साधारण ०.१ हेक्टर, म्हणजे १५ किलो नत्र. तुमची ट्रॉली अडीच टन धरली आणि शेणखतात अर्धा टक्का नत्र धरलं, तर एकूण साडेबारा किलो. पण पहिल्या हंगामात पिकाला त्यातलं तिसरा हिस्सा मिळतं, म्हणजे जेमतेम ४ किलो. तेही खत कुजलेलं असेल तर. गव्हाणीतला कडबा, भुसा मिसळलेलं कच्चं शेण टाकलं असेल, तर ते कुजवणारे जिवाणूच जमिनीतलं नत्र आधी खाऊन टाकतात आणि पीक उपाशी राहतं. मे महिन्यात टाकलं तेव्हा खतात कडब्याची कांडी ओळखू येत होती का?

आता करायचं ते असं. निंबोळी पेंड ५० किलो आणि गांडूळखत ३०० किलो एकत्र करा. ९० बाय ६०वर तुमच्याकडे १८५० झाडं बसतात, म्हणजे झाडाला पावणेदोनशे ते दोनशे ग्रॅम मिश्रण येतं. खोडापासून वीतभर लांब, ठिबकच्या ओल्या पट्ट्यात अर्धगोल चर काढून टाका आणि मातीने झाका. नुसतं वर पसरलं तर वाळून वाया जातं. त्यानंतर तीन आठवड्यांनी शेंगदाणा पेंड ५० किलो तशाच पद्धतीने. ही मात्र नीट गाडा, नाहीतर रात्रीत कुत्री वाफे उकरून ठेवतात.

तातडीचा उपाय म्हणून गोमूत्र एक लिटर, पाणी दहा लिटर, संध्याकाळी फवारा. याहून तीव्र केलंत तर पानांच्या कडा करपतील.

दहा_ड्रम

जीवामृताला कमी लेखू नका. नैसर्गिक शेतीवाल्या सुभाष पाळेकर गुरुजींच्या पद्धतीत बाहेरून काही टाकायची गरजच नाही. जमिनीत सगळं आहे, ते उपलब्ध करून द्यायचं काम जिवाणू करतात. या दादांचं आच्छादन नसेल, तिथेच चुकलं असेल.

काळी_आई

आच्छादनाचं तुमचं म्हणणं बरोबर आहे. उघड्या, तापलेल्या जमिनीत जिवाणू टिकत नाहीत. पण २०० लिटरच्या ड्रममध्ये पडतं काय? शेण १० किलो, गोमूत्र १० लिटर, गूळ २ किलो, बेसन २ किलो, बांधावरची मूठभर माती. या सगळ्याचं मिळून नत्र २०० ग्रॅमच्या आसपास भरतं. त्यातले ५० लिटर म्हणजे ५० ग्रॅम. तीन वेळचे १५० ग्रॅम, आणि पिकाला हवंय १५ किलो.

जीवामृत हे विरजण आहे. विरजण चांगलंच हवं, पण पातेल्यात दूधही हवं. ज्या जमिनीत वर्षानुवर्षं पाचट, पालापाचोळा कुजलाय तिथे नुसत्या जीवामृतावर पीक येताना दिसतं, कारण दूध आधीपासून भरलेलं असतं. मुरमाड रानात पहिल्याच वर्षी ती अपेक्षा धरणं म्हणजे झाडाला उपाशी ठेवणं.

ठिबकमधून सोडत असाल तर दोन पदरी फडक्याने गाळा आणि नंतर १५ मिनिटं साधं पाणी सोडा. बेसनाचा गाळ ड्रिपरमध्ये बसला की पुढची झाडं पाण्यावाचूनही पिवळी पडतात, आणि आपण खत शोधत बसतो.

निंबोळी_अर्क

शेंड्यांबद्दल. ही शेंडे आणि फळ पोखरणारी अळी आहे. पतंग पानांच्या मागे, कोवळ्या शेंड्यावर एकेक अंडं घालतो. अळी बाहेर आली की काही तासांतच शेंड्यात शिरते आणि आपल्याच विष्ठेने भोक बुजवून घेते. मग वरून दशपर्णी मारा नाहीतर आणखी काही, तिच्यापर्यंत ते पोहोचतच नाही. याच अळीसाठी बीटी वांगं (जनुक बदलून अळीला मारक केलेलं वाण) काढलं होतं आणि फेब्रुवारी २०१०मध्ये केंद्राने त्यावर स्थगिती आणली. म्हणजे रासायनिकवाल्यांनाही ती सोपी गेलेली नाही.

काम कात्रीचं आहे. आठवड्यातून दोन वार ठरवा आणि ते चुकवू नका. पाहणी सकाळी लवकर करा. दुपारी उन्हाने चांगले शेंडेही कलतात आणि गोंधळ होतो, सकाळी मात्र झाड पाण्याने तट्ट असतं. त्या वेळी जो शेंडा मान टाकून आहे त्यात अळी आहेच असं समजा. सुकलेल्या भागाच्या खाली दीड-दोन इंचांवर कापा. कापलेला शेंडा उभा चिरून बघा. आत काळपट भुसा आणि त्याच्या टोकाला पांढरट-गुलाबी अळी दिसेल. बोगदा कापाच्या खालीही जात असेल तर अजून खाली कापा. शेंडे साबणाच्या पाण्याच्या बादलीत टाकत चला. बांधावर टाकले तर अळी बाहेर येऊन पाचोळ्यात कोष करते आणि पुढची पिढी परत तुमच्याच रानात येते.

सोबत कामगंध सापळे, म्हणजे मादीच्या वासाने नर पतंग ओढणारे. दुकानात नुसतं 'गंध सापळा द्या' म्हणालात तर बऱ्याचदा हरभरा-टोमॅटोवरच्या घाटेअळीची ल्यूर (सापळ्यातली वासाची गोळी) हातात देतात. त्यात वांग्याचा पतंग येत नाही. 'ल्यूसी ल्यूर' असं नाव घेऊनच मागा आणि पाकीट वाचा. नुसती पाहणी करायची असेल तर एकरी ५ सापळे पुरतात, पण पतंग पकडून कमी करायचे असतील तर एकरी ४०, म्हणजे तुम्हाला १०. पाण्याचा सापळा झाडाच्या शेंड्यापेक्षा थोडाच वर टांगा आणि झाडं वाढतील तसा वर सरकवा. पाण्यात साबणाचे दोन थेंब टाका. ल्यूर महिन्याभराने बदला. तंबाखू मळलेल्या हाताने ती धरू नका.

फवारणी करायचीच तर ५ टक्के निंबोळी अर्क. तुमच्या क्षेत्राला ५० लिटर पुरेल. अडीच किलो वाळलेल्या निंबोळ्या कुटा, साडेचार लिटर पाण्यात रात्रभर भिजवा. अर्धा लिटर पाण्यात १०० ग्रॅम साध्या साबणाचा चुरा वेगळा विरघळवा. सकाळी अर्क फडक्याने पिळून गाळा, साबणाचं पाणी मिसळा आणि एकूण ५० लिटर करा. फवारणी त्याच दिवशी, पण ऊन उतरल्यावर. उन्हात निंबोळीचा अंश लवकर मोडतो. पानाची मागची बाजू भिजली नाही तर मारलं न मारल्यासारखंच. निंबोळी गेल्या जून-जुलैची, सावलीत वाळवलेली हवी. काळी बुरशी चढलेली किंवा दोन वर्षं पोत्यात पडलेली असेल तर नुसतं कडू पाणी फवारल्यासारखं होतं.

आणि हो, मागच्या वर्षीची वांग्याची काटकं चुलीसाठी बांधावर रचून ठेवली आहेत का? कोष त्यातच असतात.

मूळ_बघा

अख्खी झाडं सुकली म्हणजे लगेच मर रोग म्हणून ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला मारणारी मित्रबुरशी) ओतू नका. आधी झाड उपटून मूळ बघा. उपटून म्हणजे खुरप्याने, सगळ्या मुळांसकट.

मुळांवर गाठी असतील तर सूत्रकृमी, म्हणजे मुळांत शिरणारे डोळ्याला न दिसणारे कृमी. खोड जमिनीलगत कुजलं असेल तर बुरशी. झाड हिरवंच असताना एकदम कोलमडलं असेल तर जिवाणूजन्य मर असू शकते, तिची परीक्षा पेल्यात होते. खोडाच्या बुडाचा तीन इंचांचा तुकडा धुऊन काचेच्या पेल्यात, स्वच्छ पाण्यात कापलेलं टोक बुडेल असा धरा. हलवू नका. चार-पाच मिनिटांत टोकातून दुधासारखी पांढरी तार खाली उतरली तर जिवाणू. त्यावर ट्रायकोडर्माचा इलाज नाही. झाड मातीसकट काढा, आणि त्या जागी तीन वर्षं वांगी, टोमॅटो, मिरची, बटाटा यातलं काही नको, ज्वारी किंवा मका घ्या.

मुळंच नसतील, कुरतडलेली असतील, तर हुमणी, म्हणजे जमिनीत राहून मुळं खाणारी अळी. कच्च्या शेणखताचं ऐकून मला तोच संशय येतोय.

मुरमाड_१०

सगळ्यांचे आभार. पेल्याची परीक्षा तीन झाडांवर केली, पाणी स्वच्छ राहिलं. मग खुरप्याने उकरलं. मुळं खरंच नाहीत, खोड खाली पेन्सिलीसारखं सोललेलं, आणि चार इंचांवर पांढऱ्या, वेटोळ्या, तपकिरी डोक्याच्या अळ्या. एका झाडाखाली दोन. शेणात कडबा ओळखू येत होता, कबूल.

सापळा मी आधीच एक लावला होता, त्यातली ल्यूर घाटेअळीचीच निघाली. तीन आठवडे सापळा रिकामा का, ते आज कळलं.

आता हुमणीला काय करू? आणि उकिरड्यावर अजून एक ट्रॉली शेण शिल्लक आहे, त्यातही अशाच अळ्या दिसतायत. ते पुढच्या पिकाला वापरू का टाकून देऊ?

मूळ_बघा

सुकलेल्या प्रत्येक झाडाखाली, आणि त्याच ओळीतल्या शेजारच्या दोन झाडांच्या कडेने, हाताने उकरून अळ्या वेचा. कंटाळवाणं आहे, पण मोठ्या झालेल्या अळीवर दुसरं काही तितकं चालत नाही. उरलेल्या लहान अळ्यांसाठी मेटाऱ्हायझियम बुरशी एक किलो, ५० किलो चांगल्या कुजलेल्या खतात मिसळून मुळांजवळ द्या, जमीन ओली असताना. बुरशी जिवंत असते, पाकिटावरची तारीख बघा आणि उन्हात पडलेलं पाकीट घेऊ नका. ती द्यायच्या आधी-नंतर मोरचुदाचं काहीही आळवणीत (मुळांशी ओतायच्या पाण्यात) नको. मोरचूद ट्रायकोडर्मालाही मारतं आणि हिलाही. चार दिवसांत फरक दिसणार नाही, अळी मरायला दोन-तीन आठवडे जातात.

खरी वेळ पुढच्या वर्षी मे-जूनमध्ये. वळवाचा पहिला दणका बसला की हुमणीचे भुंगेरे संध्याकाळी जमिनीतून निघून कडुनिंब, बाभळीवर जमतात. सात ते साडेआठच्या दरम्यान फांद्या हलवून खाली पाडायचे आणि रॉकेल किंवा साबण घातलेल्या पाण्यात टाकायचे. हे एकट्याने करून भागत नाही, आजूबाजूचे बांधकरी बरोबर हवेत.

उकिरड्यातल्या अळ्या आधी ओळखा. चार-पाच अळ्या गुळगुळीत फरशीवर ठेवा. जी पाठीवर उताणी होऊन सरकते ती शेणातली कुजकं खाणारी अळी, ती पिकाला काही करत नाही, उलट खत कुजवते. जी इंग्रजी सी अक्षरासारखी वळून पडते आणि पायांनीच सरकायला बघते ती हुमणी समजा.

शेण टाकून कशाला द्यायचं? ढीग मोडा, हुमणी निघेल ती वेचा. हा ढीग कमरेइतक्या उंचीचा रचा. ओल इतकी की मुठीत दाबलं तर हात ओला व्हावा, पाणी निथळू नये. दर तीन आठवड्यांनी पलटी मारा. आतली वाफ ओसरली की टनाला एक किलो ट्रायकोडर्मा मिसळून गोणपाटाने झाका. साधारण तीन महिन्यांत तयार होतं. हातात घेतल्यावर शेणाचा नाही, पहिल्या पावसातल्या मातीचा वास आला आणि आतली कांडी बोटाने चुरगळली, की शेतात न्यायला हरकत नाही.

काळी_आई

एक राहिलं. वांगी निघाल्यावर ते दहा गुंठे मोकळे ठेवू नका. हिरवळीच्या खतासाठी चार-पाच किलो तागाचं बी फेका आणि ४५ दिवसांनी, फुलं लागायच्या आत गाडा. फुलावर गेला की देठ निबर होतो, कुजायला वेळ घेतो, आणि पुन्हा हीच पिवळी पानं घेऊन इथे प्रश्न विचारावा लागेल.